कंपनीच्या पुड्यात पोकळ नळी : पीसीव्ही व्हॉल्व्ह घेताना सावध राहा

२,२०० रुपये गेले. एकाच मॉडेलच्या दोन पेट्रोल गाड्यांसाठी ७८० प्रमाणे दोन पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटात साचणारा वायू बेतानं परत जळायला सोडणारी छोटी झडप), दोन ग्रोमेटचे म्हणजे व्हॉल्व्ह बसतो त्या रबरी कड्यांचे १८०, होजचे म्हणजे रबरी नळीचे ४६०. दोन्ही व्हॉल्व्ह बनावट निघाले. दुकान उद्यमनगर भागातलं, गर्दीचं, कोल्हापुरातले निम्मे मेस्त्री जिथून माल उचलतात तसलं. म्हणूनच संशय आला नाही.

पुडा कंपनीचा, पार्ट नंबर तोच, होलोग्रामसुद्धा होता. काउंटरवर जुना व्हॉल्व्ह शेजारी धरून मापही जुळवलं. मग नवा हलवून बघितला, तर आवाजच नाही. तिथंच पैसे परत मागायला हवे होते! चांगला व्हॉल्व्ह हलवला की आतला प्लंजर, म्हणजे मागंपुढं सरकणारा दट्ट्या, खळखळ वाजतो आणि नव्याचा तर सगळ्यात स्वच्छ वाजतो, हे पक्कं माहीत होतं. काउंटरवरचा म्हणाला, "नवीन हाय दादा, घट्ट असतोय. गाडी चालली की मोकळा होतोय." मागं दहा-बारा जण ताटकळलेले, बाहेर लेथचा खडखडाट, आवाज आपल्यालाच ऐकू आला नसेल असं वाटलं. पण ते कारण आता पुरत नाही. प्लंजर घट्ट असतो तो चिकटा साचलेल्या जुन्या व्हॉल्व्हचा, नव्याचा कधीच नाही.

बसवण्यात चूक नव्हती. इंजिन गार होतं. क्लिप पक्कडीनं मागं सरकवून होज पिळून काढला. जुनं ग्रोमेट दगडासारखं कडक झालेलं असतं, त्याचे तुकडे खाली इंजिनच्या हेडमध्ये पडू शकतात, म्हणून ते आकड्यानं अख्खंच वर ओढलं. इथं स्क्रू ड्रायव्हरची तरफ लावू नका, प्लास्टिकचं कव्हर तडकतं. नव्या ग्रोमेटला ऑइलचं बोट फिरवून व्हॉल्व्ह दाबला. होज ऑइल सोसणाराच घ्या. साधी पाण्याची नळी गरम होऊन आत चेपते.

गाडी चालू केली तर आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचे इंजिनचे मिनिटाचे फेरे, ७५०वरून १,१००वर. सहाशे किलोमीटरमध्ये ऑइल डिपस्टिकच्या खालच्या खुणेवर आलं, सकाळी निळा धूर, चारही प्लग ऑइलनं ओले. आयडलला इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेची, ओढ सगळ्यात जास्त असते. त्या वेळी प्लंजर खेचला जाऊन वाट अरुंद व्हायला हवी. ती झालीच नाही, म्हणून हवेबरोबर ऑइलची वाफही सरळ आत. प्लगचे १,०४०, एक लिटर ऑइलचे ५२०. एकूण ३,७६०. अशा वेळी एखादं गॅरेज पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून इंजिनच खोलायला लावेल, तेव्हा आधी हा व्हॉल्व्ह बघा.

दुसरा व्हॉल्व्ह बसवायचा राहिला होता. तो करवतीनं उभा कापला. आत ना स्प्रिंग ना प्लंजर, फक्त डिंकानं चिकटवलेली प्लास्टिकची चकती आणि तिला मधोमध भोक. नवा व्हॉल्व्ह घरी आणल्यावर दोन्ही बाजूंनी फुंकून बघा: इंजिनच्या बाजूनं हवा जाते, इनटेकच्या बाजूनं जवळपास अडते. याच्यात दोन्हीकडून सारखीच जात होती. जुन्या व्हॉल्व्हला मात्र तोंड लावू नका.

पुड्यावर एमआरपीचं स्टिकर होतं. नखानं उचललं तर खाली छापील किंमत २१०. छापील किंमत झाकून वर चढी किंमत चिकटवणं वैधमापन नियमांत बसत नाही. हेच सांगायला एका सरकारी कार्यालयात गेलो तर "बिल आणा" म्हणाले. बिल कुठलं? कच्ची चिठ्ठी, तिच्यावर "सामान २,२००". पोलीस चौकीत उत्तर मिळालं, "एवढ्याशा रकमेला गुन्हा होत नाही, दुकानदाराशी मिटवून घ्या." दुकानदार म्हणतो व्हॉल्व्ह तुम्हीच बदललात. मग पुन्हा कार्यालय. साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच दिली नाही, मागितल्यावर वर आवाज चढवला. ज्या गावात ओतकामावर घरं चालतात तिथं कापलेला भाग टेबलावर ठेवूनही कुणी हातात घेऊन बघत नाही, याचा संताप येतो. आणि हा पुडा रोज किती जणांच्या हातात जात असेल?

पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. देत नसतील तर पैसे देऊ नका. व्हॉल्व्हच्या अंगावर नंबर कोरलेला आहे का बघा, नुसत्या पुड्यावर जाऊ नका. बसवल्यावर होज चिमटला की चालू इंजिनचा आयडल किंचित पडायला हवा.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. कच्ची चिठ्ठी, यूपीआयचा २,२००चा मेसेज, स्टिकर सोललेला पुडा आणि कापलेला व्हॉल्व्ह, एवढं जोडून या सोमवारी तक्रार दाखल करतोय.