चार रिपोर्ट आणि न हलणारा आकडा

माझे वडील पन्नाशीच्या आतच हार्ट अटॅकने गेले. त्यामुळे लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलं तेव्हा मी हादरलेच. डॉक्टरांनी ते कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू केली. त्याच आठवड्यात एका तपासणी केंद्रातून फोन आला. ती मुलगी म्हणाली, "ताई, जुनी टेस्ट आता चालत नाही, ॲडव्हान्स पॅकेज करा." इतकं आपुलकीने बोलत होती, की मी लगेच हो म्हटलं.

आठ पानी रंगीत रिपोर्ट आला. त्यांनी सांगितलं, "तुमचे एलडीएलचे कण मोठे आहेत, मोठे कण त्रास देत नाहीत, गोळी सोडा. मात्र लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) वाढलंय. आमच्या कॅप्सूल घ्या आणि दर तीन महिन्यांनी टेस्ट करा." मी गोळी बंद केली. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

वर्षभराने चारही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते टेबलावर ओळीने मांडले आणि पेनने लायपोप्रोटीन-एच्या चार आकड्यांभोवती गोल केले : ६२, ६०, ६४, ६१. "हा आकडा तुम्ही जन्मापासून घेऊन आलात. बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो. कॅप्सूलने तो उतरत नाही." ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर तो हृदयविकाराचा धोका वाढवतो, म्हणजे माझं एलडीएल आणखी कसोशीने खाली आणायला हवं होतं. आणि मी नेमकी तीच गोळी सोडली होती!

मग त्यांनी सातवं पान उघडलं. तिथे बारीक अक्षरात अपोबी १३२, म्हणजे वाढलेलं, होतं. अपोबी हे एक प्रथिन; एलडीएलच्या प्रत्येक कणावर त्याचा एकच रेणू असतो, म्हणून त्यावरून कणांची संख्या कळते. कण लहान असो वा मोठा, रक्तवाहिनीच्या भिंतीत दोन्ही शिरतात. पॅकेजमधला सगळ्यात कामाचा आकडा हाच होता, आणि फोनवर त्याचा कुणी चकार शब्द काढला नव्हता. साध्या रिपोर्टमध्येही एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा केलं की या कणांचा बराचसा अंदाज येतो. त्याला वेगळी टेस्ट लागत नाही.

या टेस्ट खोट्या नाहीत, हे मुद्दाम सांगते. खोटं होतं ते त्यांच्या आडून विकलेलं. टेस्ट करणारेच औषध विकत असतील आणि चालू गोळी सोडायला सांगत असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा.

माझी गोळी पुन्हा सुरू झाली आहे. लायपोप्रोटीन-ए रक्ताच्या नात्यात उतरतं, म्हणून धाकट्या भावाची तेवढी एक टेस्ट डॉक्टरांच्या चिठ्ठीवर करून घेतली.