कॅल्शियम ३४ टक्के, आणि फॉस्फरस?

इंदापूर तालुक्यात आमचं वीस गुंठ्यांचं शेततळं आहे. आषाढात रोहू, कटला, मृगळ अशी दोन हजार बोटुकली सोडली. खाद्य घरचंच, शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा. श्रावणात एक जण मोटारसायकलवरून थेट तळ्यावर आला. "दादा, नुसत्या पेंडीवर मासा भरत नाही, मिनरल मिक्श्चर द्या." हे त्याचं बोलणं खरंच होतं, म्हणून तर मी फसलो. पेंड-कोंड्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, तो माशाला पचत नाही.

पंचवीस किलोची गोणी २,६०० रुपये. चार घेतल्या. गोणीवर ठळक अक्षरांत 'कॅल्शियम ३४ टक्के'. फॉस्फरसचा आकडाच नव्हता. पावती 'पुढच्या खेपेला देतो' म्हणाला.

मार्गशीर्षात जाळं ओढलं आणि पोटात गोळाच आला. डोकी मोठी, अंग चिपाड. कितीतरी रोहूंचा कणा वाकलेला, काहींच्या डोळ्यांवर पांढरा पडदा. आई काठावर उभी होती, ती काहीच बोलली नाही. व्यापाऱ्यानं वाकडा माल बाजूला काढून निम्म्या भावात नेला.

ओळखीच्या पशुवैद्यांनी वाटीत चिमूटभर पावडर घेऊन वर लिंबू पिळलं. सोड्यासारखी फसफसली. चुनखडी! मासा कॅल्शियम पाण्यातूनच कल्ल्यांवाटे घेतो. फॉस्फरस मात्र त्याला खाद्यातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की काटा कच्चा राहतो. वर फायटेटच्या जोडीला जास्तीचं कॅल्शियम आलं की जस्त अंगी लागत नाही, आणि जस्ताअभावी माशाला मोतीबिंदू होतो.

त्यांनी सांगितलेला हिशेब लक्षात ठेवा. फॉस्फरससाठी खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट हा क्षार घालतात; चांगल्या मालात फॉस्फरस १८ टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम २३-२४ टक्के असतं. मिनरल मिक्श्चरच्या गोणीवर ३४ टक्के कॅल्शियम लिहिलंय म्हणजे आत बहुतेक चुनखडीच. त्यातही रोहू-कटल्याला जठर नसतं, आम्ल नसतं, त्यामुळे डायकॅल्शियमपेक्षा त्याच जातीचा दुसरा क्षार, मोनोकॅल्शियम फॉस्फेट, त्यांना जास्त पचतं. पावती आणि बॅच नंबर नसेल तर गोणी गाडीवरून उतरवूच देऊ नका.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. वाकलेला कणा पुन्हा सरळ होत नाही, माझा हंगाम गेला. पण त्यानं ओढ्यापलीकडच्या दोन तळ्यांवरही माल उतरवलाय. उद्या सकाळी लिंबू घेऊन तिकडे निघालोय.