'स्वच्छ'ची कचरासेवा: आमच्या सोसायटीचा नऊ वर्षांचा अनुभव

सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळे आजूबाजूच्या इमारतींतून मला एक फोन हमखास येतो. "तुमच्याकडे कचऱ्याला कोण येतं हो? रोज येतात का?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या दोघी येतात. पुण्यात कोथरूडमधली आमची जुनी सोसायटी आहे, चार विंग, चार-चार मजले, एकूण 64 घरं, लिफ्ट नाही. नऊ वर्षं झाली. माझ्याकडून पाचपैकी पाच.

सेवा साधी आहे. सकाळी सव्वासातच्या सुमारास जिन्यात बादलीच्या कडीचा आवाज येतो. दोघी दारोदार जाऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेतात. ओला महापालिकेच्या गाडीवर जातो. सुका त्या आमच्या पार्किंगच्या मागच्या बाजूला पोतं अंथरून निवडतात, आणि त्यातलं जे भंगारात विकलं जातं त्याचे पैसे त्यांचे. घरटी महिन्याची ठरलेली फी असते, ती थेट त्यांच्या हातात द्यायची. घराचं काम काढलंत तर राडारोडा त्यांच्या बादलीत टाकायचा नाही, त्याची सोय वेगळी करायची. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे निवडताना ते पुडकं उघडावं लागत नाही. एवढं पाळलंत की तुमच्या बाजूचं काम संपलं.

आता मला खरं ज्याबद्दल लिहायचंय ते. मी एका कंपनीच्या हिशोब विभागात अकरा जणांचं काम बघते. टीम कशी बांधायची यावर आजवर बरीच प्रशिक्षणं केली. आधीच्या नोकरीत तर भिंतीवर कंपनीची पाच मूल्यं फ्रेम करून लावलेली होती आणि वर्षातून एकदा आम्हाला रिसॉर्टवर नेऊन दोरी ओढायला लावायचे. त्याच ऑफिसात वडिलांच्या आजारपणासाठी आठ दिवस रजा घेतली, तर परत आल्यावर माझ्या टेबलावरचा एक कागदसुद्धा हललेला नव्हता. कोणी वाईट नव्हतं. दुसऱ्याच्या फाईलला हात लावायची तिथे पद्धतच नव्हती.

आमच्याकडे कचऱ्याला येणाऱ्या दोघींपैकी थोरल्या मावशी साठीच्या आसपासच्या. धाकट्या ताई पस्तिशीच्या असतील. नात्यातल्या नाहीत, एका वस्तीतल्याही नाहीत. मिळून दोघींकडे अडीचशेच्या आसपास घरं आहेत. मावशींना गुडघ्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जायला जमत नाही, म्हणून वरचे दोन मजले ताईंचे. त्याबदल्यात निवडायचं काम जास्त मावशींकडे, आणि त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. प्लास्टिक मुठीत चुरगळून नुसत्या आवाजावरून त्या कोणत्या पोत्यात टाकायचं ते ठरवतात. मी एकदा शेजारी बसून बघितलं. दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, पांढरा कागद, पत्रा, काच अशी पोती भरत जातात आणि त्यांची नजर खालीही जात नाही.

पैशांची वाटणी मात्र बरोब्बर निम्मी-निम्मी. मी ताईंना सरळ विचारलं, "जिने तुम्ही चढता, मग तुम्हाला थोडं जास्त नको का?" त्या म्हणाल्या, "उद्या माझेपण गुडघे जातील की." भंगार विकून आल्यावर पायरीवर बसून नोटा मोजतात. सुटे निम्मे होत नसले की तो वरचा रुपया तंबाखूच्या जुन्या डबीत टाकतात, त्यातून चहा.

दोन वर्षांपूर्वी मावशींची नात दवाखान्यात होती. नऊ दिवस मावशी आल्या नाहीत, पण आमच्याकडचा कचरा एक दिवसही राहिला नाही. शेजारच्या गल्लीत काम करणाऱ्या बायका आळीपाळीने ताईंबरोबर येत होत्या. पाळ्या कोणी लावल्या असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "आम्हीच. मीटिंगला बोललो." आल्या त्यांना त्या दिवसाचे पैसे मिळाले. मावशी परतल्यावर पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी एकेकीकडे जाऊन तेवढे दिवस फेडले. मी हे आमच्या ऑफिसात उचललं. आता प्रत्येक पार्टीचं खातं दोघांना माहीत असतं, आणि रजेवरून आलेल्या माणसाला माफी मागितल्यासारखं बसावं लागत नाही.

हे या दोघींच्या स्वभावातच आहे असं मला आधी वाटायचं. संस्थेची माहिती काढल्यावर त्यामागची वाट दिसली. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांमध्ये काम करत होत्या. त्यातून 1993 साली बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. हमालांची पंचायत बांधलेला माणूस पाठीशी होता, त्यामुळे दयेची भाषा पहिल्या दिवसापासून नव्हती. हे काम आहे आणि आम्ही कामगार आहोत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पंचायतीची ओळखपत्रं महापालिकेने मान्य केली. मग 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. उकिरड्यावर वाकून वेचणारी बाई तेव्हापासून आपल्या दारात उभी राहून बेल वाजवते. जोडीदारणीचं अंग दुखणं हा आपला प्रश्न आहे असं या बायकांना वाटतं, ते मला तरी इथून आलेलं दिसतं.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही, कारण चूक माझ्या घरची होती. लोणच्याची बरणी फुटली होती. घाईत काचा तशाच ओल्या कचऱ्यात टाकल्या गेल्या. मावशींचा तळहात अंगठ्याखाली चांगला इंचभर कापला. मावशी म्हणत होत्या, "जाऊ दे, पाण्याने धुते." ताईंनी दोन्ही बादल्या खाली ठेवल्या आणि मला खाली बोलावून सांगितलं, "ताई, आज इथलं काम थांबलं. आधी हात." आवाज चढवला नाही, पण पुढची बेलही वाजवली नाही. मी मावशींना दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी बी विंगमधल्या एका सभासदाने तक्रार केली की कचरा दिवसभर दारात राहिला. मी त्यांना बरणी कोणाची होती ते सांगितलं.

त्या रविवारी आम्ही सभा घेतली. संस्थेच्या समन्वयक आल्या, आणि मावशी-ताईंना मी मुद्दाम खुर्चीवर बसवलं. मावशींनी हाताची पट्टी सोडून दाखवली नाही की कोणाला दोष दिला नाही. हातमोजे घालून निवडताना कागद आणि प्लास्टिक बोटांना कसं वेगळं कळत नाही, एवढंच शांतपणे सांगितलं. ताई म्हणाल्या, "काच गुंडाळा आणि वर लिहा. लिहिलं नसेल तर आम्ही ते घर घेणार नाही, दोघीही." या 'दोघीही'मध्ये किती ताकद आहे ते मी त्या दिवशी ऐकलं. एकटीने हे म्हटलं असतं तर आमच्यातल्या कोणीतरी दुसरीला वीस रुपये जास्त देऊन काम करून घेतलं असतं. इतर इमारतींत असं झालेलं मी बघितलंय.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हाही या दोघी येत राहिल्या. आम्ही दाराआड आणि त्या जिन्यात. त्या वेळी आम्ही त्यांना साबण, मास्क आणि महिन्याचा किराणा दिला. आता मागे वळून बघताना ते फार कमी वाटतं.

तुम्ही ही सेवा घेणार असाल तर फी वेळेवर द्या, त्यासाठी त्यांना चार हेलपाटे घालायला लावू नका. निवडायला सावलीची, पाण्याच्या नळाजवळची जागा द्या. आणि नवीन भाडेकरू आला की पहिल्याच दिवशी त्याची दोघींशी ओळख करून द्या.

आमच्या ए विंगच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो आणि सुतळीला बांधलेला एक लाल मार्कर लटकलेला असतो. तो सुकला की ताई सकाळी माझी बेल दोनदा वाजवतात.