अवांतर वाचनाची क्विझ: विकतची की शाळेतच केलेली?

मुलाने पुस्तक वाचलं की त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं संगणकावर द्यायची, ती ही क्विझ. दोन्ही वापरून झाल्या आहेत, म्हणून लिहितो. तुमच्या शाळेचं गणित वेगळं असू शकतं. विकतच्यांत सगळ्यांत नावाजलेली म्हणजे 1980च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेली ‘ॲक्सिलरेटेड रीडर’. आमच्या शाळेने घेतली ती त्याच धर्तीची दुसरी. पर्याय होता गूगल फॉर्म्सवर आपणच केलेल्या क्विझचा.

सोयीला विकतचीच सरस. प्रश्न तयार, मुलाने शेवटचं उत्तर दिलं की निकाल बाईंच्या स्क्रीनवर. फॉर्म्समध्ये प्रश्न काढण्यापासून पर्यायांचा क्रम बदलता ठेवण्यापर्यंत सगळं आपल्याच गळ्यात. शिवाय मुलं उत्तरं एकमेकांना सांगतात ती सांगतातच.

माझं मन विटलं ते क्विझ जमली की मिळणाऱ्या पॉइंटांमुळे. ॲक्सिलरेटेड रीडरचं सूत्र उघड आहे: पुस्तकाच्या काठिण्यपातळीत 10 मिळवा, शब्दसंख्येने गुणा, 1,00,000ने भागा. पाचव्या पातळीच्या 50,000 शब्दांना साडेसात पॉइंट, तिसऱ्या पातळीच्या 5,000 शब्दांना जेमतेम अर्धा-पाऊण. आमच्याकडेही जाड पुस्तकाला जास्त पॉइंट, आणि मुलं हिशेबाला पक्की! पुस्तक उघडण्याआधी मागचं लेबल बघायची. सहावीतली एक मुलगी कपाटापाशी उभ्या-उभ्याच मराठी कथांचं पुस्तक वाचत होती, चांगली रंगली होती. मग मान वर करून म्हणाली, “सर, याला पॉइंट नाहीत ना?” आणि ठेवून दिलं. मराठी पुस्तकांच्या क्विझच नव्हत्या, पॉइंट कुठून येणार?

फॉर्म्समध्ये गुण लगेच दाखवायचे की नाही हे आपल्या हातात असतं. मी दाखवत नाही. ज्याने पुस्तक वाचलं त्याने पुढच्या वाचकासाठी चार प्रश्न लिहायचे. पाचवा माझा, बिनगुणांचा: हे पुस्तक वर्गात कोणाला द्याल आणि का? मुलांचे प्रश्न भलतेच तिरकस असतात. ‘आजीच्या पिशवीतून तिसरं काय निघालं?’ असलं काही मलाही पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीवर’ या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी फुकट आहेत, त्यांनाही हेच चालतं.

पाच-सहा तुकड्यांचं इंग्रजी वाचन एकट्या ग्रंथपालावर असेल तर विकतची घ्या, मी नको म्हणणार नाही. फक्त पॉइंटांचा तक्ता भिंतीवर लावू नका. आणि तिसरीपर्यंत दोन्ही नकोत. ती मुलं वाचलेली गोष्ट आपणहून सांगायला येतात, तेवढा वेळ काढा.