दीक्षित की दिवेकर? तुमच्या दिवसाला काय झेपेल ते बघा

वजन कमी करायचं ठरवलं की मराठी घरात दोन पंथ लगेच आमनेसामने उभे राहतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा. कल्पना मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांची. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा, बस. शिवाय रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाल. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर याच्या अगदी उलट. उठल्यावर चहाआधी केळं किंवा भिजवलेले बदाम, मग दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, वरणभात-तूप बिनधास्त, रात्रीचं जेवण लवकर, पाकिटातलं काही नाही.

दीक्षितांचा मुद्दा इन्सुलिनचा आहे. खाल्लं की ते वाढतं आणि वाढलेलं असेपर्यंत चरबी वापरली जात नाही, म्हणून खायच्या वेळा कमी करा. दिवेकरांचं म्हणणं, फार वेळ उपाशी राहिलं की माणूस नंतर अन्नावर तुटून पडतो. दोन्हींत तथ्य आहे. पण दिवसभरात पोटात जाणाऱ्या कॅलरी सारख्याच असतील, तर त्या दोनदा खाल्ल्या की सहादा, याने वजनात फारसा फरक पडत नाही. दोन्हीकडे लोक बारीक होतात ते मुख्यतः चार वाजताचा गोड चहा, बिस्किटं आणि टीव्हीसमोरचा चिवडा बंद झाल्यामुळे.

म्हणून निवड तत्त्वावर करू नका, दिनक्रमावर करा. एसटीचा वाहक किंवा बँकेच्या काउंटरवरचा माणूस दर दोन तासांनी डबा कसा उघडणार? त्याला दोन जेवणं सोपी. ऑफिसात दर तासाला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक फिरतो, तिथेही दीक्षितांचा नियम कामाचा, कारण ‘नाही’ म्हणायला एक ठाम कारण मिळतं. उलट पित्ताचा त्रास असेल, उपाशी राहिलं की डोकं चढत असेल किंवा दिवसभर घरी असाल, तर दिवेकरांची वाट धरा. फक्त ते शेंगदाणे, फळ, मखाणे रोज डब्यांत भरून कोण देणार, हे आधी ठरवा. बहुतेक घरांत ते काम न विचारता एकाच बाईच्या गळ्यात पडतं. तिलाही वजन कमी करायचं असेल तर?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन जेवणांवर येऊ नका. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि वाढत्या मुलांनी तर या वाटेला जाऊच नये.

व्यायामात मात्र मला दिवेकरांचं पारडं जड वाटतं. चालणं उत्तम आहे, फुकट आहे, पण 70 किलोच्या माणसाच्या साडेचार किलोमीटर चालीत साधारण 200 कॅलरी जळतात आणि एक वडापाव त्याहून जास्त भरतो. शिवाय वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. ते टिकवायला वजनं उचलणं, बैठका, जोर असं काहीतरी हवंच, आणि दिवेकर त्यावर भर देतात. दीक्षितांची पद्धत घेतलीत तरी आठवड्यातून दोनदा हे जोडा. आणि डाळ, उसळ, दही, अंडी वाढवा. दोनच जेवणांत पुरेशी प्रथिनं बसवणं शाकाहारी माणसाला अवघड जातं.

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे दोघांतलं सोयीचं तेवढं उचलणं. दीक्षितांकडून ‘पोटभर जेवा’ घ्यायचं, दिवेकरांकडून ‘तूप खा’ घ्यायचं आणि मधल्या वेळचं खाणं चालूच ठेवायचं. असे लोक बरेच आहेत आणि आपण डाएटवर आहोत असंच सांगतात.

एक पद्धत निवडा आणि तीन महिने दुसरीकडे बघू नका. वजनकाट्यापेक्षा कमरेला मोजपट्टी लावा. भारतीय पुरुषासाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी 80 ही मर्यादा धरतात. तीन महिन्यांत पट्टी हलली नाही, तर खुशाल दुसऱ्या पंथात जा.