अ‍ॅक्टिव्ह पिकअप काढून पॅसिव्ह बसवावेत का? मराठवाड्यातल्या गिटारवादकासाठी तुलनात्मक आढावा

इलेक्ट्रिक गिटारमधले अ‍ॅक्टिव्ह पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारे, बॅटरीवर चालणारे भाग) काढून त्या जागी पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारे) बसवण्याचा विचार मराठवाड्यात साधारण दोन प्रकारचे वादक करतात. एक म्हणजे हेवी मेटलसाठी बनवलेली गिटार सेकंडहँड मिळाली म्हणून घेतलेला, घरी संगणकावर रेकॉर्डिंग करणारा तरुण; दुसरा म्हणजे ऑर्केस्ट्रात, भीमगीतांच्या कार्यक्रमांत किंवा चर्चमध्ये नियमित वाजवणारा आणि बॅटरीच्या कटकटीला कंटाळलेला वादक. या दोघांना एकच उत्तर देता येणार नाही, कारण हा निर्णय आवाजाच्या आवडीनिवडीपेक्षा गिटार कुठे वाजते आणि तिची केबल कशात जाते यावर अधिक अवलंबून आहे.

सर्वांत आधी आपले पिकअप खरोखरच अ‍ॅक्टिव्ह आहेत का, हे पाहावे. ईएमजी कंपनीची एचझेड नावाची मालिका बाहेरून अगदी अ‍ॅक्टिव्हसारखी, काळ्या बंद आवरणाची दिसते, परंतु ती पॅसिव्ह आहे आणि अनेक मध्यम किमतीच्या गिटारींमध्ये कारखान्यातूनच बसवलेली असते. मागचे झाकण उघडल्यावर ९ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप दिसली नाही आणि पॉटवर (मुठीखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावर) ५०० के, म्हणजे ५०० किलोओहम, असे छापलेले आढळले, तर पुढचा बराचसा खर्च आणि खटाटोप वाचतो.

फरक नेमका कुठे आहे

पॅसिव्ह पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यांत निर्माण होणारा सिग्नल जसाच्या तसा केबलवाटे बाहेर पडतो. त्याचा अवरोध मोठा असल्यामुळे त्याच्यापुढे जे जे जोडले जाते, ते सर्व त्याच्या आवाजात भाग घेते: गिटारमधले पॉट, केबलची लांबी आणि अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट. साध्या केबलची धारिता (वीज साठवून वरचे स्वर दाबणारा गुण) मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड असते. त्यामुळे तीन मीटरच्या केबलवर खणखणीत वाटणारी गिटार दहा मीटरच्या केबलवर दबल्यासारखी वाटते, आणि तो भास नसतो.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये वेढे कमी असतात आणि आवरणाच्या आतच एक छोटा प्रीअ‍ॅम्प बसवलेला असतो. रॉब टर्नर यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या ईएमजी कंपनीने हा प्रकार रूढ केला. ईएमजी ८१ या प्रसिद्ध मॉडेलचा बाहेर पडतानाचा अवरोध केवळ १० किलोओहमच्या आसपास असल्याने लांब केबलचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे केवळ मेटल, असा एक समज आहे. पण पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांच्या लाल स्ट्रॅटोकास्टरमध्येही ईएमजीचेच एसए हे सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप होते, हे लक्षात घेतले तर तो समज टिकत नाही.

ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. अनेक ठिकाणी गिटारसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसतो आणि साउंडवाले केबल थेट मिक्सरमध्ये लावतात. मिक्सरच्या लाइन इनपुटचा अवरोध बहुधा १० ते २० किलोओहम असतो. अ‍ॅक्टिव्ह गिटार तिथे निभावून नेते. पॅसिव्ह गिटार मात्र बारीक आणि मंद वाजते, आणि दोष गिटारला दिला जातो. पॅसिव्हकडे जायचे असेल तर मध्ये अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी पेटी) किंवा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर असायलाच हवा. ज्यांच्याकडे प्रोसेसर आधीपासून आहे, त्यांना ही अडचण येत नाही.

मंडप, जनरेटर आणि अर्थिंग

माझ्या मते मराठवाड्यातल्या वादकाने सर्वाधिक विचार या मुद्द्याचा करावा, आणि नेमका हाच मुद्दा परदेशी लेखांवरून मत बनवणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. १४ एप्रिलच्या आसपासचे कार्यक्रम असोत, गणेशोत्सव असो किंवा नवरात्र, मंडपातली वीज बहुतेक वेळा जनरेटरवरून किंवा तात्पुरत्या जोडणीवरून येते. त्याच बोर्डावर दिव्यांचे डिमर आणि एलईडीच्या भिंती चालतात. आणि अर्थिंगची तार कुठे गेली आहे, हे विचारल्यावर समाधानकारक उत्तर मिळतेच असे नाही. अशा ठिकाणी पॅसिव्ह सिंगल कॉइल पिकअप अक्षरशः गुणगुणत राहतात. दोन कॉइल उलट दिशेने जोडलेला हंबकर चुंबकीय गुणगुण बरीचशी रद्द करतो, परंतु डिमरची खरखर गिटारच्या आतल्या उघड्या तारांमधून आणि वादकाच्या शरीरावाटेही शिरते. म्हणूनच पॅसिव्ह गिटारमध्ये पुलापासून (वाजवायच्या तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या भागापासून) ग्राउंडपर्यंत एक तार जोडलेली असते, आणि वाजवायच्या तारांना हात लावताच खरखर कमी होते.

ही तार आवाजाच्या दृष्टीने आवश्यक असली तरी सुरक्षेच्या दृष्टीने तिचा वेगळा विचार करावा लागतो, कारण तिच्यामुळे गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी थेट जोडल्या जातात. अ‍ॅम्प्लिफायर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर आणि दोहोंपैकी एकाचे अर्थिंग सदोष, अशी स्थिती असेल, तर तारांवर बोटे ठेवून माइकला ओठ लावणाऱ्या वादकाला झटका बसतो, आणि तो प्रत्येक वेळी सौम्यच असेल याची शाश्वती नसते. ईएमजीसारख्या पिकअपना तारा ग्राउंडला जोडण्याची गरज नसते, आणि कंपनी स्वतः ती जोडणी टाळण्यास सांगते. त्यामुळे हा धोका कमी होतो. संपतो असे नाही, कारण जॅकची धातूची पट्टी आणि पॉटच्या धातूच्या मुठी ग्राउंडशी जोडलेल्याच असतात. शिवाय काही गिटारींमध्ये अ‍ॅक्टिव्ह पिकअप असूनही पुलाची तार तशीच ठेवलेली आढळते.

गाता गाता वाजवणाऱ्याने पॅसिव्हकडे जायचे ठरवले, तर काही सवयी लावून घ्याव्यात. अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत, तीन पिनच्या प्लगची तिसरी पिन कोणाच्याही सांगण्यावरून काढू नये, आणि कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारांना व दुसरे माइकच्या जाळीला लावून पाहावे. काही व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर साउंडवाल्याशी बोलल्याशिवाय माइकजवळ जाऊ नये. वायरलेस प्रणाली असेल, तर गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यात तारच राहत नाही आणि हा प्रश्न मुळातच सुटतो.

बॅटरीची तक्रार कितपत खरी

पॅसिव्हकडे वळण्याचे सर्वाधिक सांगितले जाणारे कारण बॅटरी हे आहे, आणि मला ते सर्वांत दुबळे वाटते. ईएमजी ८१ एक मिलिअँपिअरच्या दशांशापेक्षाही कमी प्रवाह ओढतो, त्यामुळे नियमित वाजवणाऱ्याचीही चांगली अल्कलाइन बॅटरी अनेक महिने टिकते. ती लवकर संपत असेल, तर बहुधा केबल रात्रभर गिटारमध्ये लावून ठेवली जात असते. या गिटारींमध्ये स्टिरिओ जॅक असतो आणि प्लग आत जाताच बॅटरीची जोडणी पूर्ण होते, मग अ‍ॅम्प्लिफायर बंद असला तरी काही फरक पडत नाही. दुसरे कारण म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी विजेच्या दुकानात सहज मिळणारी साधी झिंक-कार्बन बॅटरी. तिची क्षमता कमी असते आणि ती गळण्याचा संभवही जास्त असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना बंद गाडीत ठेवलेल्या गिटारमध्ये अशी बॅटरी असणे चांगले नाही. वर्षातून दोनदा ठरलेल्या वेळी अल्कलाइन बॅटरी बदलली, तर ही तक्रार जवळपास उरत नाही. फिशमन फ्लुएन्ससारखे अ‍ॅक्टिव्ह पिकअप मात्र बरेच अधिक प्रवाह ओढतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे गणित बदलते.

आवाज

इथे मते टोकाची ऐकू येतात. अ‍ॅक्टिव्हचा आवाज घट्ट, एकसारखा आणि स्वच्छ असतो. जोरदार डिस्टॉर्शनमध्येही प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो आणि पार्श्वभूमी शांत राहते. पॅसिव्हमध्ये हाताच्या जोराचा फरक अधिक ठळक उमटतो, आणि व्हॉल्यूमची मूठ थोडी मागे घेतली की अ‍ॅम्प्लिफायरचे डिस्टॉर्शन हळूहळू उतरत जाते. जुन्या धाटणीचा फझ पेडल (आवाज फाटल्यासारखा करणारा, पायाने दाबायचा इफेक्ट) वापरणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो, कारण असे पेडल पिकअपच्या मोठ्या अवरोधाशी थेट जोडले जातात हे गृहीत धरूनच बनलेले असतात. अ‍ॅक्टिव्ह पिकअपपुढे ते कर्कश होतात. हंबकरचे दोन भाग पाडून सिंगल कॉइलसारखा आवाज काढण्याची सोयही चार तारांच्या पॅसिव्ह पिकअपमध्ये सहज मिळते. घरी ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये गिटार लावणाऱ्याला हे सगळे लाभ मंडपातले तोटे न सोसता मिळतात.

कामाची व्याप्ती

पिकअप बदलणे म्हणजे केवळ पिकअप बदलणे, अशा समजुतीने सुरू केलेले काम अर्ध्यावर अडते. इथे संपूर्ण सर्किटच बदलावे लागते. अ‍ॅक्टिव्ह गिटारमधले पॉट २५ किलोओहमचे असतात. ते तसेच ठेवून पॅसिव्ह हंबकर जोडला, तर आवाज जाडसर, मंद आणि निर्जीव होतो. हंबकरला ५०० आणि सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट लागतात. टोनचा कपॅसिटरही बदलावा लागतो, कारण ईएमजीच्या जोडणीत ०.१ मायक्रोफॅरडचा असतो, तर हंबकरसाठी ०.०२२ योग्य ठरतो. संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरमधल्या रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत ५०० के मागितल्यावर ४७० के हातात दिला जाण्याची शक्यता आहे. तो बिनदिक्कत घ्यावा, एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. व्हॉल्यूमसाठी मात्र ‘ए’ अक्षराचा, म्हणजे लॉग प्रकारचा पॉट पाहून घ्यावा आणि दांड्याची जाडी मुठीशी जुळते का, हे तिथेच तपासावे.

खरी मेहनत पुलाच्या तारेची आहे. कारखान्यातूनच अ‍ॅक्टिव्ह असलेल्या गिटारमध्ये कधी कधी त्यासाठी छिद्रच नसते. ट्रेमोलो (दांड्याने हलणारा पूल) असेल तर मागच्या बाजूच्या स्प्रिंगच्या पट्टीला तार सोल्डर करता येते. स्थिर पूल असेल तर कंट्रोलच्या खोबणीपासून पुलाच्या खुंटीपर्यंत लांब ड्रिलने लाकूड भेदावे लागते. हे काम कुशल कारागिराला, आणि तेही त्याने पूर्वी केलेले असेल तरच, द्यावे. पॉटच्या पाठीवर ग्राउंडचे सोल्डर धरण्यासाठी २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न अपुरा पडतो. ४० ते ६० वॉटचा असावा. खोबणीला आतून तांब्याचा चिकटपट्टीचा पत्रा लावून तो ग्राउंडला जोडला, तर मंडपातली खरखर बरीच आटोक्यात येते.

तारांच्या रंगांबाबत सावध राहावे. सेमूर डंकनच्या हंबकरमध्ये काळी तार सिग्नलची, हिरवी ग्राउंडची आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडायची असते. डिमार्झिओमध्ये सिग्नलची तार लाल, ग्राउंडची हिरवी आणि काळी-पांढरी एकत्र जोडायची. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की आवाज पोकळ तरी येतो, नाहीतर येतच नाही.

पिकअप मागवण्यापूर्वी दोन मापे घ्यावीत. पॅसिव्ह हंबकरचे पाय अनेकदा अधिक खोल जातात, म्हणून खोबणीची खोली मोजावी. आणि फ्लॉइड रोझ प्रकारच्या ट्रेमोलोवर पुलाजवळच्या तारांमधले अंतर जास्त असल्याने दोन्ही टोकांच्या पोलपीसमध्ये (तारांखालच्या धातूच्या खुंट्यांमध्ये) सुमारे ५३ मिलिमीटर अंतर असलेला पिकअप घ्यावा. ईएमजीच्या सलग पट्टीमुळे हा प्रश्न पूर्वी कधी आलेलाच नसतो. सात तारांच्या गिटारमध्ये ईएमजी ७०७ असेल, तर त्याचे आवरण नेहमीच्या हंबकरपेक्षा मोठे असते आणि त्या मापात बसणारे पॅसिव्ह पिकअप वेगळे शोधावे लागतात.

तक्रार फक्त आवाज फार दाबल्यासारखा वाटतो एवढीच असेल, तर आधी पिकअपची उंची कमी करून पाहावी आणि त्यानंतर दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून १८ व्होल्टवर सर्किट चालवून पाहावे; ईएमजी २७ व्होल्टपर्यंत सहन करतात. त्यात दुसऱ्या बॅटरीला जागा आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

माझा कल असा आहे: वर्षातले बहुतेक कार्यक्रम मंडपात, जनरेटरवर आणि गात गात करणाऱ्याने अ‍ॅक्टिव्ह पिकअप काढू नयेत. घरी किंवा अर्थिंग नीट असलेल्या सभागृहात वाजवणाऱ्याने, विशेषतः फझ आणि हलक्या डिस्टॉर्शनची आवड असणाऱ्याने, पॅसिव्ह हंबकर बसवावेत. पुढच्या जागी पॅसिव्ह आणि मागे अ‍ॅक्टिव्ह अशी मिसळ करण्याचा सल्लाही मिळतो, पण दोन्हींना मानवणारा पॉट नसल्याने मधल्या स्विचवर पॅसिव्हचा आवाज जवळपास बुडतो. त्या भानगडीत पडू नये. जुना संच काढताना ईएमजीचे कनेक्टर न कापता पॉट, जॅक आणि बॅटरीच्या क्लिपसह अखंड बाहेर काढावा. तो पुन्हा बसवताना सोल्डरिंग जवळजवळ लागत नाही, आणि विकायचा झाल्यास कापलेल्या तारांच्या संचापेक्षा त्याला चांगली किंमत येते.