अराकूची घ्यावी की मेक्सिकोची? आदिवासी सहकारी कॉफी निवडताना

‘आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी’ एवढ्यावर निवड करायची म्हटली तर होणार नाही, कारण सगळीच पाकिटं तेच सांगतात. पाहायचं ते हे, की दर कोण ठरवतं आणि सभासदाच्या मताला किंमत आहे का. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

भारतात सहज मिळणारे दोन्ही पर्याय आंध्रातल्या अराकू भागातले. सिल्व्हर ओकच्या सावलीत, मिरीच्या वेलांसोबत वाढणारी ही अरेबिका जातीची कॉफी. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पहिला पर्याय गिरिजन कोऑपरेटिव्ह कॉर्पोरेशनचा. १९५६ साली स्थापन झालेली ही संस्था आंध्र सरकारच्या अखत्यारीत चालते. मध, चिंच, शिकेकाई यांच्याबरोबर कॉफीही घेते. खरेदीचा दर जाहीर करते, त्यामुळे खाजगी व्यापाऱ्याला फार खाली जाता येत नाही. हे काम मोठं आहे, पण निर्णय सरकारी अधिकाऱ्यांचे. नावात सहकार असला तरी मी हिला शेतकऱ्यांनी चालवलेली संस्था म्हणणार नाही. रोजच्या फिल्टर कॉफीला मात्र हीच परवडते. पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळीचं, प्रमाण तेवढं वाचून घ्या. कायद्याने ते ४९ टक्क्यांपर्यंत चालतं!

दुसरा ‘अराकू’ याच नावाचा ब्रँड. यामागे नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने उभी राहिलेली छोट्या आदिवासी शेतकऱ्यांची संस्था आहे. ती आंध्रच्या १९९५ च्या परस्पर सहाय्य सहकारी कायद्याखालची. या कायद्यात सरकारी हस्तक्षेपाला फारशी जागा ठेवलेली नाही. पिकलेली लाल फळंच वेचून आणली तर दर चांगला, म्हणून दर्जा खरोखर वर आहे. २०१७ मध्ये पॅरिसला दुकान उघडलं ते उगाच नाही. मात्र पाकीट विकणारी कंपनी वेगळी आणि तिच्यामागे उद्योगपतींचं भांडवल. त्यामुळे बागेत शेतकरी मालक असला तरी दुकानातल्या चढ्या किमतीतला किती भाग त्याच्याकडे परत जातो, हे विचारायलाच हवं.

अमेरिकेत किंवा युरोपात राहत असाल तर तिसरा पर्याय मेक्सिकोचा. फेअर ट्रेडच्या, म्हणजे शेतकऱ्याला रास्त दर देणाऱ्या व्यापाराच्या, शिक्क्याची मुळं तिथेच आहेत. वाहाका राज्यातल्या सापोतेक, मिहे, चोंताल शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उसिरी ही संघटना बांधली, कारण दलाल पडेल भावात माल उचलत होते. त्यांच्यात राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स फान डेर हॉफ यांच्या साथीने १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये माक्स हाफेलार हा शिक्का आला. पुढच्याच वर्षी कुठल्या देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवून भाव टिकवणारी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत कोसळली, भाव गडगडले आणि शिक्क्याची गरज सगळ्यांनाच पटली. मेक्सिकोच्याच चियापास राज्यातली माया विनिक ही त्सोत्सिल आदिवासींची संस्था. २२ डिसेंबर १९९७ रोजी तिथल्या आक्तेआल गावात प्रार्थनेला जमलेल्या ४५ जणांची हत्या झाली. ज्या समुदायावर हा घाला पडला, त्यातल्याच लोकांनी दोन वर्षांनी ही संस्था काढली. सभासदांची सभा इथे सर्वोच्च असते.

आता शिक्क्याचा हिशेब. ऑगस्ट २०२३ मध्ये फेअरट्रेडचा धुतलेल्या (पाणी वापरून गर काढलेल्या) अरेबिकाचा किमान दर पौंडाला १.८० डॉलर झाला. वर २० सेंट सामूहिक कामांसाठी आणि माल सेंद्रिय असेल तर आणखी ४० सेंट. संस्थेने मागितलं तर खरेदीदाराने कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत उचल द्यायची असते. माझ्या मते दरापेक्षा ही उचल मोलाची, कारण हातात पैसा नसलेल्या महिन्यांतच शेतकरी दलालाच्या दारात जातो.

किमान दर कामाला येतो तो बाजार पडल्यावर. २००१ च्या सुमारास बाजारभाव पन्नास सेंटच्या आसपास असताना १.२६ डॉलर देणारा शिक्का म्हणजे जीवदान होतं. २०२५ च्या सुरुवातीला भाव चार डॉलरच्या वर गेला, तेव्हा दलाल रोख मोजू लागले आणि संस्थेला माल घालायला सभासदांना राजी करणं अवघड झालं. प्रमाणित संस्थेचा सगळा माल शिक्क्याखाली विकला जातो असंही नाही.

तेव्हा भारतात राहून रोज दोन कप पिणाऱ्याने गिरिजनची घ्यावी. चवीसाठी, दुधाशिवाय पिणाऱ्याने ‘अराकू’वर पैसे घालावेत. शेतकऱ्यांच्या हाती कारभार हाच निकष असेल आणि परदेशात असाल, तर उसिरी किंवा माया विनिकचं नाव छापलेलं पाकीट शोधा. नुसता शिक्का आहे, संस्थेचं नाव नाही, असं पाकीट असेल तर विकणाऱ्याला विचारा. कॉफी कुठल्या संस्थेची, हे त्याला सांगता यायला हवं.